काटा कुठे चुकतो: जुन्या लाइट मीटरच्या दुरुस्तीच्या नोंदी

९ जून २०२४

साखर कारखान्याचा गाळप हंगाम कधीच आटोपला. ओव्हरहॉलिंग दिवसभर चालतं, पण संध्याकाळ आपली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, त्याच्या सामानातून तीन लाइट मीटर, म्हणजे फोटो काढण्याआधी उजेड मोजायची उपकरणं, घरी आलेत. वेस्टन मास्टर टू, सेकोनिक एल-३९८ आणि गोसेन लुनासिक्स थ्री. तिघांची तब्येत वेगवेगळी.

वेस्टन खिडकीकडे धरला की काटा उठतो, पण मरगळलेला. शून्यावरही नीट बसत नाही, थोडा डावीकडे राहतो. सेकोनिकचा घुमट पिवळा पडलाय आणि काटा मध्येच अडतो. लुनासिक्सच्या बॅटरीच्या कप्प्यात हिरवट-पांढरा क्षार साचलाय, त्यामुळे तो सध्या मुका.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट स्वतःशी पक्की केली. मीटर थोडं कमी दाखवतो की जास्त, याची मला फारशी फिकीर नाही. सगळ्या उजेडात सारखाच कमी दाखवत असेल, तर फिल्म स्पीडची (फिल्म उजेडाला किती चटकन दाद देते त्याची) तबकडी एक-दोन खुणा सरकवली की हिशेब जुळतो. मंद उजेडात बरोबर आणि उन्हात एक स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), असं करणारा मीटर मात्र शोकेसमध्येच शोभतो. म्हणून प्रत्येक मीटरला प्रश्न एकच: तू किती चुकतोस ते राहू दे, कुठे कुठे चुकतोस ते सांग.

१६ जून

आज फक्त वेस्टन.

कारखान्यात माझ्या हाताखालून जुने वेस्टन अॅमीटर गेलेत, त्यामुळे हे नाव घरचंच. एडवर्ड वेस्टन १८५० साली इंग्लंडमध्ये जन्मला, १८७० मध्ये अमेरिकेला गेला आणि पुढे न्यू जर्सीतल्या नेवार्कला मोजमापाच्या उपकरणांचा कारखाना काढला. बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्यांना वेस्टन सेल आठवत असेल. पोटेन्शिओमीटरच्या प्रयोगात १.०१८ व्होल्टचा म्हणून जपून वापरायला मिळायचा तो. तोच हा माणूस. त्याच्याच नावाचा प्रसिद्ध फोटोग्राफर मात्र वेगळा. लोक दोघांना एकच समजतात आणि मग इतिहासाचा घोळ होतो.

प्रकाशावर स्वतःच वीज तयार करणाऱ्या सेलवर चालणारा या कंपनीचा पहिला एक्स्पोजर मीटर १९३२ सालचा, मॉडेल ६१७. माझ्या हातातला मास्टर टू दुसऱ्या महायुद्धानंतरचा, इंग्लंडमध्ये एनफिल्डला सांगामो वेस्टनने बनवलेला. बॅटरी नाही, स्विच नाही. पाठीमागे मधमाशीच्या पोळ्यासारखी फुगीर ठिपक्यांची काच, तिच्यामागे सेलेनियमचा सेल, आणि सेलला जोडलेला, करंटवर काटा हलवणारा एक नाजूक गॅल्व्हनोमीटर. संपला मीटर.

काचेवर बिजागरीचं एक छिद्रांचं झाकण आहे. झाकण उघडलं की सेलला पूर्ण उजेड मिळतो आणि समोर खालची पट्टी येते, ० ते ५०. झाकण लावलं की समोरची पट्टी आपोआप बदलते, २५ ते १६००. आकडे कॅंडल प्रति चौरस फूट या एककातले. दोन्ही पट्ट्यांमध्ये २५ ते ५० हा भाग सामाईक आहे, हे लक्षात ठेवायचं. उद्या त्याचाच उपयोग होणार आहे.

फिल्म स्पीडचे आकडेही वेस्टनचे स्वतःचे. एएसए, म्हणजे अमेरिकन मानक संस्थेचं प्रमाण, तिकडे १९४३ साली आलं, पण वेस्टनने आपलं घोडं पुढे दामटलं ते थेट १९५६ च्या मास्टर थ्रीपर्यंत. वेस्टन ८० म्हणजे एएसए १००, साधारण एक तृतीयांश स्टॉपचा फरक. जुना मास्टर टू विकत घेऊन त्यावर सरळ १०० लावणाऱ्याचं निगेटिव्ह तेवढं पातळ येतं, आणि बिचारा सेलला दोष देत बसतो.

१७ जून

कुठल्याही दुसऱ्या मीटरशिवाय करता येणारी चाचणी. पांढऱ्या पुठ्ठ्यावर उजेड असा ठेवला की खालच्या पट्टीवर काटा ३० च्या आसपास यावा. मग काहीही न हलवता झाकण बंद केलं आणि वरची पट्टी वाचली. मीटर धडधाकट असेल तर दोन्हीकडे एकच आकडा यायला हवा.

आला नाही. झाकण उघडं असताना १७, बंद असताना २५.

पहिल्यांदा कुणालाही वाटेल की झाकणाची छिद्रं बिघडलीत. पण छिद्रं बुजली असती तर बंद झाकणाचा आकडा कमी आला असता, इथे तो जास्त आहे. म्हणजे चूक उघड्या बाजूला, आणि तीही काटा उजवीकडे गेल्यावर. खालच्या पट्टीवर ३० म्हणजे काटा जवळजवळ टोकाला. वरच्या पट्टीवर तोच ३० म्हणजे काटा अगदी डावीकडे. उजेड एकच, काट्याची जागा वेगळी, आणि चूकही वेगळी.

संशयित दोन. एक, काट्याची यंत्रणा उजवीकडे अडतेय. दोन, सेलकडून करंटच पुरेसा पोचत नाहीये. पुढच्या रविवारी वेगवेगळे तपासायचे.

२३ जून

चाचणीसाठी बाक उभा केला. लग्नाच्या मांडवात लावतात तसला ५०० वॉटचा हॅलोजन एका टोकाला. खोलीच्या भिंतींना काळं कापड. जमिनीवर खडूने खुणा: १ मीटर, १.४, २, २.८, ४. हे आकडे लेन्सवरचे म्हणून ओळखीचे वाटतील आणि कारणही तेच. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे प्रत्येक खुणेला नेमका एक स्टॉप कमी.

वेस्टनसारखा परावर्तित उजेड मोजणारा मीटर मागेपुढे करून उपयोग नसतो. पुठ्ठ्यापासून दोन फुटांवर धरा की चार, पुठ्ठा तेवढाच उजळ दिसतो. म्हणून मीटर पुठ्ठ्यापाशी, आणि दोघांना मिळून दिव्यापासून लांब न्यायचं.

व्होल्टेजकडे लक्ष. फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. २३० चे २१८ झाले की उजेड साधारण १७ टक्के पडतो, म्हणजे पाव स्टॉप. आमच्या गल्लीत संध्याकाळी सात वाजता एवढं होतंच होतं. फ्रिजचा स्टॅबिलायझर तात्पुरता इकडे आणलाय. घरात त्यावरून बोलणी खाऊन झाली.

तुलनेला मित्राकडून सेकोनिक एल-३०८ आणला. तो सिलिकॉनचा, आजच्या काळातला, परावर्तितही मोजतो आणि थेट पडणारा उजेडही.

वेस्टनचा निकाल: ४ मीटरवर एक तृतीयांश स्टॉप कमी. २ मीटरवर अर्धा. १.४ वर जवळजवळ पूर्ण स्टॉप. १ मीटरवर पुठ्ठा खालच्या पट्टीच्या बाहेर जायला हवा होता, पण काटा पट्टीतच रेंगाळतो.

३० जून

उघडला.

आधी काट्याची परीक्षा, सेलची तार सोडवून. इथे कोणीही मल्टीमीटरचा रोधाचा बटन लावून कॉइल तपासायला जाऊ नये. या गॅल्व्हनोमीटरला मायक्रोअॅम्पिअर लागतात आणि मल्टीमीटर खालच्या रोधाच्या रेंजवर मिलिअॅम्पिअरपर्यंत ढकलू शकतो. काटा जाऊन टोकाच्या खुंटीवर आपटतो, कधी वाकतो. मी दीड व्होल्टचा सेल आणि १ लाख ओहमचा रोध वापरला, म्हणजे १५ मायक्रोअॅम्पिअर. मग रोधासोबत एक पोटेन्शिओमीटर लावून करंट सावकाश चढवला, सावकाश उतरवला.

काटा शेवटपर्यंत गुळगुळीत गेला. उतरताना त्याच जागी परत आला. मीटर आडवा, उभा, तिरपा धरला, शून्य हललं नाही, म्हणजे काट्याच्या शेपटीवरचे तोलाचे वजनही शाबूत. पाठीमागच्या स्क्रूने शून्य जागेवर आणलं. काट्याची बाजू निर्दोष.

तरी पिव्हटबद्दल एकदा विचारून घ्यावं म्हणून महाद्वार रोडवरच्या घड्याळजींकडे गेलो होतो. म्हटलं, "अण्णा, थेंबभर तेल घालू काय?"

भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाले, "अजिबात घालू नका. घड्याळाच्या चाकाला मागनं जोर असतोय. ह्या काट्याला कुठला जोर? तेल घातलं की धूळ धरणार, आणि तिथंच बसणार बघा."

खरंच आहे. मीटरचे पिव्हट कोरडेच चालवायचे असतात.

७ जुलै

मग राहिला सेल.

सेलेनियमचा सेल म्हणजे लोखंडी पातळ पत्रा, त्यावर सेलेनियमचा थर, त्यावर उजेड आरपार जाईल इतका पातळ धातूचा थर, आणि त्याच्या कडेने करंट गोळा करणारी धातूची कड. उजेड पडला की पत्रा आणि वरचा थर यांच्यात करंट सुरू होतो. कडेला एक स्प्रिंग दाबून बसते, मागच्या पत्र्याला दुसरी. सोल्डरचा डाग दिलेला नसतो, आणि द्यायचाही नाही. सेलेनियम २२१ अंशाला वितळतं, आपलं सोल्डरिंग आयर्न ३५० च्या घरात.

भिंगाखाली कडेची स्प्रिंग काळपट, आणि जिथे ती टेकते तिथे कडेवर करडा डाग. सत्तर वर्षांचा दमटपणा. आता सगळं जुळतं. वाटेत रोध वाढला की मंद उजेडात, करंट थोडा असताना, फारसा फरक पडत नाही. उजेड वाढला की तेवढा करंट त्या वाढलेल्या रोधातून ढकलण्यासाठी सेलच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज चढतं, आणि करंटचा काही भाग सेलच्या आतूनच मागे गळतो. काट्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून डावीकडे बरा, उजवीकडे लंगडा. सेलच म्हातारा होऊन सगळीकडून थकला असता तर चूक पट्टीभर पसरली असती.

सफाईत सेलच्या तोंडाला हात लावला नाही. वरचा थर इतका पातळ असतो की कापसानेही ओरखडा जातो, शिवाय सेलेनियम आणि वरच्या थरातलं कॅडमियम दोन्ही विषारी. घासायचं नाही, फुंकर मारून धूळ उडवायची नाही, हातात मोजे. स्प्रिंग बाहेर काढून तिचं टोक पेन्सिलच्या खोडरबरने चमकेपर्यंत साफ केलं. सेलच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेली काडी, फक्त कडेवर, हलक्या हाताने. मागच्या पत्र्यावर गंजाचा पापुद्रा होता, तो खोडरबराने गेला. स्प्रिंगला चिमट्याने अगदी थोडा बाक दिला, की दाब पुरेसा पडावा.

झाकणाच्या छिद्रांत जुना काळा मळ होता. सुई नको, छिद्र मोठं झालं तर वरची पट्टी कायमची बिघडते. दात घासायचा मऊ ब्रश आणि साबणाचं पाणी.

१४ जुलै

पुन्हा बाकावर.

४ मीटर: एक तृतीयांश कमी. २ मीटर: एक तृतीयांश. १.४: एक तृतीयांश. १ मीटरवर काटा खालच्या पट्टीच्या पार बाहेर, झाकण लावलं की वरच्या पट्टीवर पुन्हा एक तृतीयांशच कमी. सामाईक भागात झाकण उघडं आणि बंद, दोन्हीकडे एकच आकडा.

हेच हवं होतं. उरलेली एक तृतीयांश कमतरता सेलच्या वयाची, ती आता जाणार नाही आणि जायला नकोच. कारण इथे एक मजा आहे. एएसए १०० च्या फिल्मसाठी या तबकडीवर खरं तर वेस्टन ८० लावायचं. मीटर एक तृतीयांश स्टॉप कमी दाखवतो म्हणून ती उणीव भरायला तबकडी एक खूण वर न्यायची, म्हणजे वेस्टन १००. एककांचा जुना फरक आणि सेलचं म्हातारपण यांनी एकमेकांना वजा केलं. फिल्मच्या डब्यावरचा आकडा जसा आहे तसा लावायचा.

असा योग प्रत्येक मीटरला येत नाही, म्हणून कुणी ऐकून आपल्या मास्टर टूवर डोळे मिटून १०० लावू नये. आधी बाक.

२८ जुलै

पंचगंगा धोक्याच्या पातळीवर. वीज ये-जा करतेय, हवेत इतका ओलावा की पुठ्ठाही वाकलाय. काम बंद. तिन्ही मीटर सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात.

११ ऑगस्ट

सेकोनिक एल-३९८. हा घुमटाचा मीटर. उजेड वस्तूवरून परत येतो तो नाही, वस्तूवर पडतो तो मोजायचा. चेहऱ्याजवळ धरून घुमट कॅमेऱ्याकडे करायचा. कल्पना अमेरिकेतल्या डॉन नॉरवुडची, घुमट माणसाच्या चेहऱ्यासारखा गोल म्हणून तीन बाजूंचा उजेड एकाच मापात येतो. सिनेमाच्या सेटवर हाच प्रकार जास्त चालला, कारण तिथे दिवे हलवायचे असतात आणि प्रत्येक शॉटला नायिकेच्या गालावरचा उजेड तोच राहायला हवा.

काटा मध्येच अडत होता ते स्थिर विजेमुळे. प्लास्टिकची खिडकी कोरड्या कापडाने पुसली की तिच्यावर भार साठतो आणि हलका काटा तिच्याकडे ओढला जातो. पुसलं नाही तरी नुसतं बोट फिरवून काटा पाठोपाठ येतो का, ते बघावं. आला. खिडकी काढून आतल्या बाजूला भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी फिरवलं आणि न धुता तसंच वाळवलं. साबणाचा अदृश्य पापुद्रा भार वाहून नेतो. काटा मोकळा.

पिवळ्या घुमटाचं काही करायचं नाही. पेरॉक्साइडने पांढरा होईलही, पण त्याच्या पारदर्शकतेत काय फरक पडेल सांगता येत नाही. बाकावर बघितलं, सगळीकडे अर्धा स्टॉप कमी आणि एकसारखा. चालेल. मीटरच्या पाठीवर पट्टी चिकटवली: "१०० च्या फिल्मला १४० धर."

या मॉडेलच्या नंतरच्या एल-३९८ए मध्ये कंपनीने सेलेनियम काढून अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरूप नसलेल्या, सिलिकॉनचा सेल घातला. 

२५ ऑगस्ट

पुण्याच्या जुन्या बाजारातून सुट्या भागांसाठी आणलेला दुसरा मास्टर. याचा सेल पूर्ण मेलेला, वरचा थर फोडासारखा फुगलाय. उन्हातही काटा जागचा हलत नाही. यंत्रणा मात्र ठणठणीत.

पडलेल्या कॅल्क्युलेटरचा सौर पट्टा लावून बघितला. तो अमॉर्फस सिलिकॉनचा असतो आणि त्याची रंगसंवेदना माणसाच्या डोळ्याच्या बरीच जवळ, सेकोनिकनेही एल-३९८ए ला तोच घातला. बागेतल्या सौर दिव्यांतला स्फटिकी सिलिकॉन यासाठी चालत नाही. तो अवरक्त किरणांवर पिसाळतो आणि हॅलोजनच्या दिव्याखाली भलताच जास्त आकडा सांगतो.

पण कॅल्क्युलेटरच्या पट्ट्यात चार छोटे सेल एकामागोमाग जोडलेले असतात. व्होल्टेज चौपट, करंट एका छोट्या सेलचा. गॅल्व्हनोमीटरला करंट लागतो, व्होल्टेजचं त्याला कौतुक नाही. भर दुपारीसुद्धा काटा पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्यात थांबला. एकाच मोठ्या सेलचा तुकडा मिळाला तर बघू. तोवर हा मास्टर स्क्रू आणि काचेचा धनी.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. मूर्तीचे फोटो काढायला गल्लीतली पोरं मोबाइल घेऊन उभी, आणि प्रत्येकाची तक्रार एकच: मूर्ती काळी येते. मागे दिव्यांची माळ आहे, मोबाइल तिचा उजेड बघून सगळंच अंधारात टाकतो. सेकोनिकचा घुमट मूर्तीच्या पुढ्यात धरला, माळेशी देणंघेणं नाही. एका पोराने विचारलं, "काका, हे अॅपमध्ये मिळतंय का?" मिळतं रे बाबा. तरी बघ.

१५ सप्टेंबर

लुनासिक्स. क्षार घालवायला काडीवर व्हिनेगर, कारण गळालेल्या बॅटरीतला क्षार अल्कधर्मी असतो, आम्लाने तो मरतो. मग अल्कोहोलने धुऊन वाळवलं. तार आतून हिरवी झाली होती, तेवढी बदलून नवा डाग दिला.

हा मीटर सेलेनियमचा नाही. यातला कॅडमियम सल्फाइडचा सेल वीज तयार करत नाही, उजेडानुसार रोध बदलतो, म्हणून बॅटरी लागते. १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या दोन, पीएक्स ६२५. पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत, अमेरिकेने १९९६ साली त्यांच्या विक्रीवर कायद्याने गदा आणली आणि हळूहळू जगभरातून त्या गेल्या. त्यांचा गुण असा की संपेपर्यंत व्होल्टेज जागचं हलत नसे. आता त्याच आकाराची अल्कलाइन मिळते, ती १.५ ला सुरू होते आणि रोज थोडी थोडी घसरते. आज बरोबर असलेला मीटर दिवाळीत चुकणार, आणि किती ते कळणारही नाही. सगळीकडे सारखी चूक तबकडीने भागते, रोज बदलणारी चूक कशानेच भागत नाही.

उपाय मेडिकलच्या दुकानात. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर बॅटऱ्या, ६७५ नंबरच्या, १.४ व्होल्ट आणि बऱ्यापैकी स्थिर. व्यासाला ६२५ पेक्षा लहान, म्हणून भोवती नळाच्या वॉशरचा रबरी कडं कापून बसवलं. स्टिकर काढल्यावर पाच-दहा मिनिटं हवा घेऊ द्यायची. एकदा हवा लागली की वापरा न वापरा, काही महिन्यांत संपते. स्वस्त आहेत, चालतं.

बॅटरी तपासणीचं बटन दाबलं, काटा लाल पट्ट्यात. बाकावर सगळीकडे पाव स्टॉपच्या आत. तिघांत हाच उत्तम, आणि मला सर्वांत कमी आवडणाराही हाच. एक सवय वाईट: उन्हातून घरात आणला की कॅडमियम सल्फाइडला उन्हाची आठवण राहते, मिनिटभर तो जास्तच सांगतो. झाकून थांबायचं. उलट चांदण्यात वेस्टन आणि सेकोनिकचा काटा झोपलेला असतो तेव्हा हा जागा असतो. नावातला लुना त्याचसाठी.

२९ सप्टेंबर

पाऊस उघडला. रंकाळ्यावर दुपारचं ऊन. राखाडी पुठ्ठ्यावर वेस्टन, दुरुस्त करून ४०० कॅंडल. थेट पडणारा उजेड एल-३०८ वर ईव्ही (एक्स्पोजरचं माप) १५ च्या किंचित वर. पुस्तकी हिशेबही तेवढाच येतो: पुठ्ठ्यावर पडलेल्या ८०,००० लक्स उजेडाचा १८ टक्के भाग परत फिरला की सव्वाचारशेच्या आसपास कॅंडल.

वेस्टनच्या या एककाचा एक सुरेख फायदा आहे. फिल्म स्पीडचं वर्गमूळ काढा, तो लेन्सच्या छिद्राचा आकडा (एफ नंबर). त्या छिद्राला, मीटरवर आलेले कॅंडल हाच शटरचा छेद. आयएसओ (एएसएचंच आजचं नाव) १२५ चं वर्गमूळ ११ च्या जरा वर. म्हणजे इलफर्डची एफपी-४ फिल्म घातलेली असेल आणि लेन्स एफ ११ वर असेल, तर ४०० कॅंडलला १/४०० सेकंद. तबकडी बघायचीही गरज नाही.

अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सने १ नोव्हेंबर १९४१ ला न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावावरचा चंद्र टिपला तेव्हा त्याला आपला वेस्टन गाडीत सापडेना आणि उजेड चालला होता. चंद्राची उजळी २५० कॅंडल हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने एक्स्पोजर बांधलं. मीटर हरवूनही ज्याचं एकक कामाला आलं, अशा उपकरणाला चांगलं म्हणायला हरकत नाही.

पांढरा पुठ्ठा मात्र भर उन्हात वेस्टनच्या पट्टीबाहेर जातो. १६०० ला तो थांबतो.

११ ऑक्टोबर

खंडेनवमी. कारखान्यात हत्यारांची पूजा, घरी पेचकस, भिंग आणि तिन्ही मीटर. लुनासिक्सवर आईने हळदकुंकू सेलच्या खिडकीपासून लांब लावलं, माझ्याकडे बघूनच.

२० ऑक्टोबर

खरी परीक्षा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. संध्याकाळी म्हशी आणून तिथल्या तिथे धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. काळीभोर म्हैस आणि पांढरा फेस एकाच चौकटीत. मीटरला फसवायला याहून चांगली जागा नाही. म्हशीवर धरला तर तो तिला राखाडी समजून फेस जाळून टाकणार. फेसावर धरला तर फेस राखाडी करून म्हशीला अंधारात ढकलणार. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, ते आपण सांगायचं.

पाच वाजून गेलेले, ढगाळ, दिवे लागायचे होते. धार काढणाऱ्या मामांची परवानगी घेतली. म्हणाले, "म्हशीला हात लावू नका, बाकी काय बी करा." वेस्टन झाकण उघडून म्हशीच्या पाठीपासून फूटभर, माझी सावली न पडेल असा. दुरुस्त करून २. मग मामांच्या हातातल्या पेल्यावरच्या फेसावर, ३२. चार स्टॉपचं अंतर.

वेस्टनच्या तबकडीवर बाणाच्या दोन्ही बाजूंना खुणा आहेत. ए म्हणजे एक स्टॉप कमी, सी म्हणजे एक स्टॉप जास्त. यू ही खूण बाणापासून चार स्टॉप खाली आणि ओ तीन स्टॉप वर. या दोन खुणांच्या मधलं फिल्म धरते, बाहेरचं सोडते. अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम, म्हणजे उजेडाच्या पायऱ्या पाडून एक्स्पोजर ठरवायची पद्धत, बसवली, तिची अर्धी बैठक या तबकडीवर आधीच छापलेली होती.

म्हशीची कातडी काळी तर हवी, पण केस आणि सुरकुत्या दिसायला हव्यात. म्हणून तिला बाणाखाली दोन स्टॉप बसवलं. बाण ८ वर आला आणि फेस आपोआप बाणावर दोन स्टॉप, ओच्या आत. एफपी-४ ला एफ ११ वर १/८, म्हणजेच एफ ४ वर १/६०. हातात धरून जमण्यासारखं.

त्याच जागी सेकोनिकचा घुमट म्हशीपाशी, कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्याने अर्धा स्टॉप जास्त एक्स्पोजर मागितलं. दोन्ही घेतले. लुनासिक्सनेही परावर्तित माप वेस्टनइतकंच दिलं, पण तोवर कट्ट्यावरचे एलईडी लागले आणि वेस्टनचा काटा पट्टीच्या तळाशी गेला. तिथून पुढे लुनासिक्स एकटाच.

दूध घेतलंच. न घेता निघालो असतो तर मामा रागावले असते.

२७ ऑक्टोबर

आयडी-११ डेव्हलपर, पाण्यात एकास एक, ११ मिनिटं. नळाचं पाणी २६ अंश, बर्फाच्या पिशवीने २० ला आणलं. वेस्टनवरच्या मापाने काढलेल्या निगेटिव्हमध्ये म्हशीच्या मानेवरच्या वळ्या स्वच्छ, फेसाचे बुडबुडे सुटे सुटे. सेकोनिकच्या मापाचं अर्धा स्टॉप दाट, त्यात मामांचा चेहरा जास्त बरा, म्हैस थोडी करडी. मला वेस्टनचं आवडलं. घरात सगळ्यांना मामांचं.

१० नोव्हेंबर

हंगाम तोंडावर आला, कारखान्यात रात्रपाळ्या सुरू होतील. मीटर डब्यात जाण्याआधी प्रत्येकाच्या पाकिटात चिठ्ठी ठेवली.

वेस्टन: डब्यावरचा आकडा तसाच लाव. दर सहा महिन्यांनी सामाईक भागाची चाचणी, झाकण उघडून आणि बंद करून. फरक आला तर आधी स्प्रिंग बघ, सेल नको. सेकोनिक: १०० ला १४०. खिडकी कोरड्या कापडाने पुसू नको. लुनासिक्स: बॅटरी काढून ठेवली आहे. पुढच्या खेपेला सिल्व्हर ऑक्साइडच्या १.५५ व्होल्टच्या दोन आणि मधे व्होल्टेज थोडं उतरवणारा शॉट्की डायोड लावून बघायचा, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी झिंक-एअर शोधायला नको. डायोडचे नमुने मागवलेत. त्यांच्यावर मायक्रोअॅम्पिअरला नेमकं किती व्होल्ट पडतात ते आधी बाकावर मोजायचं, मगच डाग.